डिस्कस आणि रॅम एकाच हिरव्या टाकीत: जोड्या जमतील का?

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. इथले माशांचे धागे आजवर नुसते वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

घरी चार फुटी टाकी आहे, १२०×४५×४५ सेंमी. कागदावर २४३ लिटर, पण वाळू, दगड, लाकूड वजा जाता दोनशेच्या आसपास धरा. झाडं म्हणजे अॅमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया, लाकडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. पाणी २६ अंश. आत निऑन टेट्रांचा थवा, तळाशी फिरणाऱ्या काही कोरी आणि जर्मन ब्लू रॅम या छोट्या माशांची एक जोडी.

ही जोडी सपाट दगडावर अंडी घालते. दोघं आलटून पालटून पंख हलवत बसतात, कोरी जवळ आली की अंगावर धावून जातात. आणि सकाळी उठून बघावं तर दगड स्वच्छ! दर वेळी हेच.

त्यात आता डोक्यात डिस्कसचा, म्हणजे त्या थाळीसारख्या चपट्या माशाचा, किडा शिरलाय. दुकानदार म्हणतो, "मॅडम, डिस्कस ठेवायचा तर झाडं काढा, वाळू काढा, खाली काच उघडी पाहिजे आणि रोज अर्धं पाणी बदला." झाडं मी काढणार नाही. तर मग डिस्कस, रॅम आणि झाडं असं तिन्ही जमतं का? आणि दोघांची पिल्लं निघतील का?

रविवारचा_माळी

रुमाल टाकून ठेवतो. फोटो टाका की हो.

खाडीपलीकडे

ताई, जमतं. पण ठेवणं आणि पिल्लं काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचा दुकानदार दुसऱ्या कामाचे नियम पहिल्याला लावतोय.

आधी तापमान. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. रॅमलाही तेच मानवतं. २६ ला रॅम जगतात पण खुलत नाहीत. म्हणजे या दोघांचं भांडण नाही. अडचण बाकीच्यांची आहे. निऑन टेट्रा गार पाण्यातला मासा, २९ अंशांत तो हळूहळू झिजतो. त्याच्या जागी कार्डिनल टेट्रा घ्या, दिसायला सख्खा भाऊ आणि उष्णता सोसतो. कोरींमध्ये स्टर्बाय ही जात एवढ्या गरम पाण्यात टिकते, नेहमीच्या ब्राँझ कोरी नकोत. काचेला चिकटून शेवाळ खाणारा साधा प्लेको तर अजिबात नको. रात्री तो डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो, आणि त्याच थरावर पुढे पिल्लं वाढायची असतात.

तुमची झाडं ठीक आहेत. सोर्ड, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया २९ ला आरामात चालतात. जावा फर्न थोडा कुरकुरेल. क्रिप्टोकोरायनी वेन्डटी लावा, ती आधी पानं गाळून घाबरवते आणि मग जोमात येते. जमिनीवर पसरणारी नाजूक हिरवळ वगैरे मात्र विसरा.

आणि हवा! पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.५ च्या आसपास. उलट माशांची आणि फिल्टरमधल्या जिवाणूंची गरज मात्र उष्णतेने वाढते. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात. त्यामुळे झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लावलाच तर हात आखडता ठेवा, दिवे बंद व्हायच्या तासभर आधी तो बंद करा आणि रात्री पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील असं बघा. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

काळं_पाणी

दुकानदाराचं एक मात्र अर्धं खरं आहे. डिस्कस राहतो तिथे झाडं नसतातच म्हटलं तरी चालेल.

योहान हेकेलने १८४० मध्ये सिम्फिसोडॉन डिस्कसचं वर्णन केलं, तो मासा रिओ निग्रोच्या खोऱ्यातला. ते पाणी चहासारखं तांबूस, आम्लधर्मी, क्षार जवळपास शून्य. पूर येतो तेव्हा जंगलच पाण्याखाली जातं. डिस्कस काठालगत पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जंजाळात थव्याने राहतात. तो चपटा देह आणि अंगावरचे उभे पट्टे फांद्यांत लपायला केलेले आहेत. पाण्यातली हिरवी झाडं तिथे उगवायला उजेडच पोचत नाही.

रॅमचं उलटं. मायक्रोजिओफॅगस रामिरेझी हा व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या यानोस गवताळ प्रदेशातला, म्हणजे ओरिनोकोच्या खोऱ्यातला. १९४८ मध्ये मायर्स आणि हॅरी यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, मानुएल व्हिसेंते रामिरेझ या मासे गोळा करणाऱ्याच्या नावावरून. उथळ, उन्हाने तापलेलं पाणी, काठाला गवत आणि पाणवनस्पती. तेव्हा तुमच्या टाकीत झाडं रॅमसाठी आणि लाकूड डिस्कससाठी असं समजा. मोठं, फांद्या फुटलेलं लाकूड मध्यभागी उभं करा, डिस्कस त्याला धरून राहतील. झाडं मागे आणि कडेला, पुढे पोहायला मोकळी वाळू.

फिल्टरवाला

मी तरी झाडांच्याच बाजूचा. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट झाडं खातात, मग रोज पाणी बदलायची गरजच काय? माझ्या टाकीत महिन्यातून एकदा बदलतो, मासे मजेत.

खाडीपलीकडे

@फिल्टरवाला, कुठले मासे आणि केवढे? गप्पी असतील तर प्रश्नच मिटला.

डिस्कसच्या पिल्लाला दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागतं, तेही प्रथिनांनी भरलेलं. तेवढं खाणं वाळूच्या टाकीत टाकलं की उरलेलं झाडांच्या मुळाशी कुजतं. न टाकावं तर पिल्लू खुरटतं, डोळा मोठा आणि अंग लहान. असं खुरटलेलं डिस्कस नंतर कितीही खिलवा, भरून येत नाही. म्हणून दीड-दोन इंची पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून हिरव्या टाकीत आणून सोडू नयेत. ती उघड्या काचेच्या टाकीत वाढवायची आणि चार इंचांच्या वर गेली की मग हिरव्या टाकीत आणायची. नाहीतर सरळ चार-साडेचार इंची विकत घ्यायची. महाग पडतात, पण दोनदा घेण्यापेक्षा स्वस्त.

मोठ्या डिस्कसना दिवसातून दोनदा खाणं आणि आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदल, एवढ्यावर झाडांची टाकी छान चालते. तुमच्या टाकीत पाच घ्या, एकदम घ्या, एकाच ठिकाणाहून घ्या. दोन-तीनच ठेवलेत तर एक दादा होतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो.

मुळाकाठची

बाप रे, किती माहिती! पाण्याचं विचारायचं राहिलं. महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) माझ्या मीटरवर ११० च्या आसपास येतो. पण उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते, तेव्हा ६०० च्या वर जातो. आरओ मशीन लावू का?

संत्रानगरी

टँकर म्हणजे बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेलं, चांगलंच कठीण. नुसते ठेवायला पाळीव डिस्कस त्यातही राहतात, कारण आता मिळणारे बहुतेक पिढ्यान्पिढ्या टाकीत जन्मलेले आहेत. पण अचानक ११० वरून ६०० वर उडी नको. पिंपात दोन्ही मिसळून थोडं थोडं बदलत न्या.

कठीण पाण्याचा पीएच बहुधा ८ कडे झुकतो आणि इथे एक खाच आहे. ३० अंशांना पीएच ७ असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच ७-८ टक्के. म्हणजे अमोनियाची तीच पट्टी, तोच रंग, आणि एका टाकीत मासा मजेत तर दुसऱ्यात कल्ले जळतात. टँकरच्या दिवसांत खाणं कमी करा.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी हायपो (क्लोरिन मारणारे खडे) घालता ना? साठवून हवा मारत ठेवलं तरी क्लोरिन उडून जातो, पण पाणी बदलताना घाई असतेच.

उन्हाळ्याचं आमच्या नागपुरात वेगळंच. मे महिन्यात हीटर काढून ठेवायचा आणि टाकीवर टेबल फॅन लावायचा. पुण्यात तुमची गोची थंडीत होईल. एक ३०० वॉटचा हीटर घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा धरून ठेवतो, आणि एक चालूच राहून अडकला तर एकट्याने टाकी उकळत नाही.

बर्लिनचा_बाळू

आमच्या नळाला इतकं कठीण पाणी येतं की किटलीत पांढरा थर धरतो. रॅम त्यात वर्षानुवर्षं राहिले, दर थोड्या दिवसांनी अंडी घातली, पण बहुतेक अंडी पांढरी पडायची. आरओचं पाणी मिसळून टीडीएस शंभराच्या खाली आणल्यावर फरक पडला. तेव्हा आरओ ठेवण्यासाठी नको, पिल्लं काढण्यासाठी हवं. आणि निव्वळ आरओ कधी वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, एका रात्रीत तो कोसळतो.

माडाखालचा

रॅमबद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत.

ताई, आधी खात्री करा की ती जोडी नर-मादीच आहे. मादीचं पोट गुलाबी, आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकते कण. नराचा काळा ठिपका सहसा कोरा आणि पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब, तुऱ्यासारखे. दोन माद्याही एकत्र अंडी घालतात आणि राखतात, अंडी मात्र सगळी पांढरी होतात. इलेक्ट्रिक ब्लू असतील तर काळा ठिपकाच नसतो, मग पोटाच्या रंगावर आणि तुऱ्यावर अंदाज बांधायचा.

अंडी रात्री जातात, यात कोरींचा हात असणार. रॅम डोळ्यांनी राखण करतो, कोरी मिशांनी हुंगत फिरते. अंधार पडला की राखणदार आंधळा. खोलीत झिरोचा दिवा ठेवून बघा. शिवाय तरुण जोडी पहिल्या काही वेळी स्वतःच अंडी खाते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

नक्की पिल्लं हवीत तर अंडी घातल्यावर दगडच उचला. टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या दहा-पंधरा लिटरच्या भांड्यात ठेवा, बाजूला हवेचा दगड, बुडबुडे अंड्यांना न लागता पाणी हलेल असा. तापमान २८-२९. बुरशी रोखायला मिथिलीन ब्लू, इतकंच की पाणी फिकट निळं दिसेल. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढत जा, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्यांना धरते. दोन-तीन दिवसांत फुटतात. आधी नुसत्या वळवळणाऱ्या शेपट्या दिसतात, पोटाला बलकाची पिशवी. तेव्हा काही खायला घालायचं नाही. अंडी घातल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पोहायला लागली की खाणं सुरू.

रॅमचं पिल्लू फारच बारीक. पहिले दोन-तीन दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा व्हिनेगरमधले किडे, मग अंड्यांतून ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. पोट केशरी दिसलं की समजा खाल्लं. पाणी बदल रोज थोडा, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने, हवेच्या नळीतून थेंब थेंब सोडून.

आणि देशी बदामाची पानं! आमच्या कोकणात अंगणात पडतात, तुमच्याकडे सोसायटीत एखादं झाड असेलच. लाल होऊन आपोआप गळलेली, वाळलेली पानं धुऊन टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, बुरशीला थोडा अटकाव होतो. औषध फवारलेली किंवा रस्त्याकडेची नकोत.

रविवारचा_माळी

बदामाची पानं ऑनलाइन दहाच्या पाकिटात विकतात. आमचा सफाईवाला रोज पोतं भरून जाळतो.

फिल्टरवाला

खाण्याचं कोणी बोललंच नाही. परदेशी लोक बीफ हार्ट सांगतात. आपल्याकडे?

खाडीपलीकडे

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचं मांस बंदच आहे, म्हशीचं चालतं. पण खरं सांगू का, त्याची गरज नाही. कोळंबी सोलून, धागा काढून, सोबत थोडा उकडलेला पालक, एक लसणाची पाकळी, स्पायरुलिना पावडर. मिक्सरमधून काढायचं, चायना ग्रासच्या पाण्यात थंड होत आलं की मिसळायचं, पिशवीत पातळ थापून फ्रीजरमध्ये. रोज तुकडा मोडून द्यायचा. सस्तन प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही, त्यापेक्षा हे बरं आणि पाणीही कमी घाण होतं. ट्युबिफेक्स जिवंत आणू नका, तो गटारातला किडा, सोबत काय घेऊन येईल सांगता येत नाही.

मुळाकाठची

आमच्या फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवायला सासूबाईंची परवानगी काढावी लागेल. घर शाकाहारी आहे. 😅

माडाखालचा

मग ब्लडवर्मचे (लाल अळ्यांचे) गोठवलेले चौकोन ठेवा आणि 'माशांचं औषध' लिहून चिकटवा.

मुळाकाठची

धागा वर काढतेय. निऑन आणि जुन्या कोरी मैत्रिणीकडे गेल्या, दोन हीटर लागले, मध्ये लाकूड उभं केलं आणि पाच डिस्कस आले. रंगांच्या जाती म्हणाल तर दोन पिजन ब्लड, दोन टर्क्वाइज, एक तांबूस. चार जण हातातून खातात. तांबूस मात्र काळवंडलाय, फिल्टरच्या पाइपमागे उभा असतो. खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो. शी पांढरी, लांब दोऱ्यासारखी. पाणी २८ आहे.

संत्रानगरी

आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य नसतील तर औषध नको, पाणी बदला.

मुळाकाठची

दोन्ही शून्य. नायट्रेट १० च्या आसपास.

खाडीपलीकडे

मग लक्षणं आतड्यातल्या परजीवींची. स्पायरोन्यूक्लियस, जुन्या लोकांच्या तोंडी हेक्झामिटा. थोडे बहुतेक डिस्कसच्या पोटात असतातच, प्रवासाने किंवा मारामारीने मासा खचला की ते उचल खातात.

त्याला वेगळ्या, वाळू-झाडं नसलेल्या उघड्या टाकीत घ्या. चाळीसएक लिटर, जुना स्पंज फिल्टर, लपायला एक पाइप. तापमान हळूहळू ३१-३२ पर्यंत चढवा, हवा जोरात. मेट्रोनिडाझोल ४० लिटरला २५० मिग्रॅ. दर दुसऱ्या दिवशी बराचसा भाग पाणी बदलून बदललेल्या पाण्यापुरतं औषध परत घाला, आठवडाभर. खायला लागला की औषध खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं. सगळ्या टाकीत ओतू नका, बाकीचे खातायत ना.

आणि एक बघा: दोन्ही कल्ले हलतायत का? एकच कल्ला हलवत असेल, दगडावर अंग घासत असेल, तर कल्ल्यातल्या फ्लूकचा (परजीवी कृमीचा) संशय. त्याला मेट्रोनिडाझोल चालत नाही, प्राझिक्वान्टेल लागतं.

मुळाकाठची

दोन्ही हलतायत. सुरू करते.

काळं_पाणी

तोवर थोडं अवांतर, कारण पुढे जोडी जमली की हे लागेल. डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, हे सगळ्यांना माहीत असतं. प्लायमाउथ विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१० मध्ये काम प्रसिद्ध झालं. अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं दोन्ही वाढतात असं त्यांना आढळलं. सुरुवातीला आईबाप पिल्लांना अंग देतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला हळूहळू त्यांना टाळून दूर पोहायला लागतात. दूध तोडणंच ते! आणि यात बाप बरोबरीने असतो. दोघं समोरासमोर येतात, एकाने अंग झटकलं की अख्खा घोळका दुसऱ्याच्या अंगावर.

रॅममध्ये यातलं काही नाही. तिथे पालक फक्त राखण करतात, म्हणूनच रॅमची अंडी आईबापांपासून काढून फोडता येतात. डिस्कसची तशी काढलीत तर पहिल्या आठवड्यात हाताने खायला घालून जगवणं महाकठीण.

मुळाकाठची

तांबूस परत टाकीत आला! रंग उजळला, ब्लडवर्मसाठी धक्काबुक्की करतो.

आणि रॅम! झिरोच्या दिव्याने अंडी रात्रभर टिकली, सकाळी दगड भांड्यात घेतला. फुटली, पोहायला लागली, पोटं केशरी दिसतायत. मोजता येत नाहीत इतकी आहेत.

आता नवीन प्रश्न. एक टर्क्वाइज आणि एक पिजन ब्लड सोर्डचं रुंद पान तोंडाने घासतायत. एकमेकांसमोर वाकून थरथरतात, बाकीच्यांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. तिथेच घालू द्यावीत का?

खाडीपलीकडे

घालू द्या एकदा, बघायला. पिल्लं मिळणार नाहीत. फुटली तरी कार्डिनल आणि बाकीचे डिस्कस फस्त करतील. एवढ्या मोठ्या टाकीत पिल्लांना आईबाप सापडायलाही हवेत.

जोडी पक्की दिसली की दोघांना उघड्या टाकीत न्या, ६०×४५×४५ पुरे. टीडीएस शंभराच्या खाली, पीएच साडेसहाच्या आसपास, २९ अंश, फक्त स्पंज फिल्टर. मध्ये अंडी घालायला उभं काहीतरी. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं सुटून पोहायला लागतात. तेव्हा पाण्याची पातळी निम्मी करा, हवा मंद, रात्री बारीक दिवा. अंडी खात असतील तर घालून झाल्यावर अंड्यांभोवती जाळी लावा, पंखा घालता येतो आणि तोंड पोचत नाही. पोहायला लागल्यावर चार-पाच दिवसांनी आर्टेमिया सुरू, आईबापांच्या अंगावर असतानाच.

तुमच्या जोडीत एक गोम आहे. थायलंडमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली पिजन ब्लड ही जात पिल्लांच्या वेळी अंग गडद करू शकत नाही. पिल्लं गडद आकाराकडे जातात. टर्क्वाइज काळवंडेल आणि सगळी त्याच्यावर जातील, किंवा काळ्या फिल्टरवर जाऊन बसतील. म्हणून टाकीच्या बाजू आणि तळ फिकट ठेवा, स्पंजसुद्धा पिवळा-पांढरा. मासे सोडून काहीच गडद दिसता कामा नये.

मुळाकाठची

उभं काहीतरी म्हणजे? डिस्कसच्या अंड्यांसाठी विकतात तो मातीचा कोन इथे मिळत नाहीये.

माडाखालचा

नर्सरीतली साधी मातीची कुंडी. रंग दिलेली नको. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा.

मुळाकाठची

उभी की पालथी?

माडाखालचा

पालथी. आणि वरचं भोक बुजवू नका, आत हवा अडकून कुंडी तरंगते.